पैसे मोजून घाबरायचं कशाला? माझ्या आवडीचे हॉरर गेम्स

मी रात्री हेडफोन लावून हॉरर गेम खेळायला बसलो की आमची आई दारातून डोकावते आणि विचारते, "पैसे मोजून घाबरून घ्यायचं, ही कसली हौस रे?" त्यात मी मुळात भित्रा. त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. आजच्या भागात त्याचंच उत्तर देतो.

हॉरर सिनेमात तळघराचं दार नायिका उघडते. आपण "नको जाऊस गं" म्हणतो, ती जातेच. गेममध्ये ते दार आपल्यालाच उघडावं लागतं. आपण पुढे सरकलो नाही, तर गोष्टही सरकत नाही. भीतीकडे पाऊल टाकायचं की नाही, हे आपण ठरवतो. आणि चांगला हॉरर गेम आपल्याकडची एखादी गोष्ट काढून घेऊन हाच निर्णय अवघड करतो. कसं, ते बघूया.

'रेसिडेंट ईव्हिल' (कॅपकॉम, १९९६) आपली सुबत्ता काढून घेतो. गोळ्या मोजक्या. गेम सेव्ह करायचा तर टाइपरायटर शोधायचा, आणि त्याची शाईची रिबनही मोजकीच. मग समोरच्या झोंबीवर गोळी खर्च करायची की त्याला चुकवून पळायचं? रिबन आत्ता वापरायची की पुढे? इथे झोंबीपेक्षा हिशेब चुकण्याची धास्ती जास्त असते.

'सायलेंट हिल' (कोनामी, १९९९) नजर काढून घेतो. पहिल्या प्लेस्टेशनला लांबवरचं शहर दाखवणं झेपत नव्हतं, धुक्याने ती उणीव झाकली. पण गंमत बघा, तेच धुकं गेमची ओळख बनलं. नायक हॅरी मेसन हा हरवलेल्या मुलीला शोधणारा साधा बाप. त्याच्या खिशातला रेडिओ राक्षस जवळ आला की खरखरतो. काहीतरी जवळ आहे हे कळतं, पण कुठे ते दिसत नाही. हा गेम हेडफोन लावूनच खेळा!

'अम्नेशिया: द डार्क डिसेंट' (२०१०) हा स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा. हा हत्यारच काढून घेतो. लढणं नाही, फक्त पळायचं आणि लपायचं. अंधारात बसलं तर नायकाचं मन ढासळायला लागतं, उजेडात आलं तर राक्षसाला दिसतो. राक्षसाकडे टक लावून पाहिलं तरी मन ढासळतंच. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

आणि माझा सगळ्यात लाडका, 'एलियन: आयसोलेशन' (२०१४). इतर बऱ्याच गेम्समध्ये दोनतीनदा मेलो की शत्रू कुठून येणार हे पाठ होतं. हा गेम ती पाठांतराची सोय काढून घेतो. इथे प्रोग्रॅमचे दोन भाग आहेत. एकाला आपण कुठे आहोत हे माहीत असतं, आणि तो एलियनला साधारण त्या दिशेला धाडतो. पण नेमकं कुठे, ते एलियनला स्वतःच्या कानाडोळ्यांनीच शोधावं लागतं. म्हणून तो जवळपास घुटमळतो, आणि आपण कपाटात श्वास रोखून बसतो. तो पुढच्या वेळी तसाच वागेल याची खात्री नाही. मी हा गेम दोनदा अर्धवट सोडलाय. तिसऱ्यांदा पूर्ण केला.

नव्याने सुरू करणार असाल तर एक सांगतो. पहिले काही दिवस दिवे लावून खेळा, आणि छाती फारच धडधडली तर खुशाल बंद करा. त्यात कमीपणा काही नाही.

आईला काय उत्तर दिलं? म्हटलं, "आई, खऱ्या आयुष्यात भीती न विचारता येते. इथे दार कधी उघडायचं ते मी ठरवतो, आणि बंदही मीच करतो." ती म्हणाली, "बरं, मग आधी हे दार बंद कर आणि झोप."

भेटूया पुढच्या भागात. तुम्ही अर्धवट सोडलेला हॉरर गेम कोणता, ते नक्की कळवा!