आकाशातील उपग्रह आणि शेजारधर्म

स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक चार शब्द लिहावेत, असे चिटणिसांनी सुचविले. मी उपग्रहांच्या सुरक्षिततेचा विषय निवडला. वाचकांस तो जांबोटीपासून फार दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु पावसाळ्यात ढगांची चित्रे आपणांस उपग्रहच पुरवितात. चोर्ल्याच्या घाटात वाट दाखविणारा फोन उपग्रहांचे संकेत ऐकूनच वाट दाखवितो. शिक्षणासाठी सोडलेल्या ‘एज्युसॅट’ योजनेच्या पहिल्या प्रायोगिक टप्प्यात आपल्या बेळगावचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ सहभागी होते. आणि भारताच्या भूस्थिर उपग्रहांचे नियंत्रण आपल्याच राज्यातील हासन येथील केंद्रातून चालते. तेव्हा विषय घरचाच आहे.

उपग्रहावर हल्ला म्हटले की क्षेपणास्त्र डोळ्यांसमोर येते. परंतु इतका खटाटोप करावयाचे कारण नाही. या व्यवस्थेची तीन अंगे असतात : आकाशातील उपग्रह, जमिनीवरील नियंत्रण केंद्र आणि ग्राहकाच्या घरचे यंत्र. ही तिन्ही संगणकांनी जोडलेली असतात. शहाणा चोर भिंत फोडीत बसत नाही; कोणती खिडकी उघडी राहिली आहे एवढेच तो पाहतो.

याचे ठळक उदाहरण २४ फेब्रुवारी २०२२ रोजी घडले. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्याच पहाटे ‘व्हायासॅट’ या अमेरिकन कंपनीच्या ‘का-सॅट’ उपग्रहावरून मिळणारी इंटरनेट सेवा युक्रेनमध्ये व युरोपात अनेक ठिकाणी बंद पडली. उपग्रहाला धक्काही लागला नव्हता. जमिनीवरील जाळ्यात दुरून प्रवेश करण्याचा एक मार्ग नीट बंदोबस्तात ठेवलेला नव्हता. हल्लेखोर तेथून आत शिरले आणि हजारो घरांतील मोडेमना, मालकाच्याच आवाजात म्हणावे तसे, हुकूम सोडले. मोडेमच्या स्मरणातील आवश्यक मजकूर पुसला गेला व ती यंत्रे निरुपयोगी झाली. कंपनीला सुमारे ३०,००० नवी मोडेम पाठवावी लागली. दूर जर्मनीत ५,८०० पवनचक्क्या फिरत राहिल्या खऱ्या, पण त्यांच्यावरील दुरून चालणारी देखरेख तुटली.

यापुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. १७ मार्च रोजी अमेरिकन सरकारच्या यंत्रणांनी उपग्रह-दळणवळण चालविणाऱ्या सर्वांस इशारा दिला आणि लहानसा संशय आला तरी कळवा, असे विनविले. ३० मार्च रोजी व्हायासॅटने हल्ला कसा झाला याची हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली. त्यामुळे इतरांना आपापल्या खिडक्या तपासता आल्या.

असे सांगणे सोपे नसते. आपल्याकडे एखाद्याच्या गोठ्यात लाळ-खुरकत शिरली, की कित्येकदा मालक गप्प बसतो. बाजारात बैलाला गिऱ्हाईक मिळणार नाही, ही त्याची भीती असते. पण त्याच्या मौनामुळे रोग पाणवठ्यावरून साऱ्या वाडीत जातो. कंपन्यांचेही असेच आहे. ग्राहक जातील, प्रतिस्पर्धी हसतील, खटले होतील, लष्करी गुपित फुटेल, अशा भयाने त्या तोंड उघडीत नाहीत.

यावर उपाय निघाले आहेत. २०१९ साली अमेरिकेत कोलोरॅडो येथे अंतराळ क्षेत्रासाठी माहितीच्या देवाणघेवाणीचे केंद्र स्थापन झाले. अशा ठिकाणी सारे गुपित उघडे करावयाचे नसते. हल्ला कोणत्या पत्त्यावरून आला, घातक आज्ञावलीची खूण कोणती, कोणती खिडकी उघडी होती, एवढे सांगितले तरी पुरते. माहितीला रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे रंग देण्याची पद्धत जगभर आहे : लाल म्हणजे ऐकणाऱ्यापाशीच ठेवावी, पिवळा म्हणजे आपल्या संस्थेत व गरजू ग्राहकांतच, हिरवा म्हणजे आपल्या क्षेत्रातील मंडळींत, आणि बिनरंगी म्हणजे सर्वांसाठी. आपल्या देशात २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था हे काम पाहते. एप्रिल २०२२ मधील तिच्या आदेशाप्रमाणे गंभीर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थांनी तिला कळविले पाहिजे.

मात्र कायद्याने वर कळविता येते. शेजाऱ्याला कळविण्यास विश्वास लागतो. विश्वासाने सोपविलेल्या गोष्टीला आपण ‘अमानत’ म्हणतो. सांगणाऱ्याची माहिती अमानत म्हणून जपली गेली आणि त्याची नालस्ती झाली नाही, तरच तो पुन्हा सांगेल.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एकदा फोनवरील गोड बोलण्याला भुलून मी चार हजार रुपये गमावले. मास्तर असून फसलो, या शरमेने मी तीन दिवस घरातही बोललो नाही. त्याच आठवड्यात, त्याच बोलण्याला भुलून शेजारच्या एका विधवा भगिनीचे पैसे गेले. मी पहिल्याच दिवशी ओसरीवर बसून सांगितले असते, तर तिचे वाचले असते. माझे चार हजार मी विसरलो. ते तीन दिवस विसरलो नाही.

म्हणून सभासद बंधुभगिनींना विनंती अशी, की घरी असे घडल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे आणि त्याच संध्याकाळी शेजाऱ्यालाही सांगावे. आणि ऐकणाऱ्याने हसू नये. आकाशातील उपग्रह काय, गल्लीतील घर काय, राखण एकट्याने होत नाही.