पितळी आगगाडी : आधी ओळख, मग उजाळा

मियागाम-करजण हे बडोदे जिल्ह्यातील रेल्वेचे एक जुने स्थानक. येथून डभोईपर्यंत १८६२ साली, खंडेराव गायकवाड महाराजांच्या कारकिर्दीत, अडीच फुटी लोहमार्ग घातला गेला. भारतातील अरुंदमापी मार्गांत तो पहिला होय. मात्र आरंभी त्यावरील डबे बैल ओढीत असत. रूळ वाराला अवघे तेरा पौंड वजनाचे होते. १८६३ साली ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने आणली, तरी त्यांचा भार त्या रुळांस पेलवेना. भक्कम रूळ पडल्यावर १८७३ पासून वाफेच्या गाड्या तेथे नियमित धावू लागल्या.

हा इतिहास ठाऊक असणारा मनुष्य जुन्या बाजारातील पितळी इंजिनावर ‘करजण, १८६२’ अशी चिठ्ठी पाहून फसणार नाही. त्या वर्षी तेथील इंजिनाला शिंगे होती!

चिठ्ठीपेक्षा चाकांची साक्ष अधिक विश्वसनीय असते. संग्राहकांत रूढ असलेल्या ८७ व्या हिश्शाच्या प्रतिकृतीत करजणच्या ७६२ मिलिमीटर मार्गाचे माप पावणेनऊ मिलिमीटर येईल. भारतीय रुंदमापी मार्गाचे सव्वाएकोणीस. तेथे साडेसोळा भरले, तर मूळ इंजिन बहुधा युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर मार्गावरचे समजावे. खेळण्यांचे कारखाने मात्र इतके काटेकोर नसत.

त्यानंतर घडण पाहावी. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी खेळणी खऱ्या वाफेवर चालत. खाली स्पिरिटचा दिवा असे आणि जमिनीवर पाण्याची रेघ उमटे. १९५० नंतर जपानमध्ये बनलेल्या प्रतिकृतींत विजेची मोटर असते व रिव्हेटन्‌रिव्हेट दिसते. कारखान्याचा ठसा बहुधा तळाशी सापडतो.

खरा घात होतो तो घरी. दिवाळीपूर्वी समई घासावी तसे चिंच आणि राख घेऊन इंजिन घासले जाते. राखेने ठसे झिजतात. आम्लाने पितळेतील जस्त निघून जाऊन तांब्याची लाली वर येते. त्याऐवजी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, सुटा केलेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवावा, घट्ट झालेले तेल मऊ कुंचल्याने रॉकेल लावून काढावे आणि मूळ रंग राखावा.

जुन्या बॉयलरखाली दिवा कदापि एकदम पेटवू नये. कथील-शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आतच वितळू लागतो. पाणी आटले की सांधे सुटतात. प्रथम थंड पाण्याच्या दाबाने जाणकाराकडून परीक्षा करवावी.

शेवटी, कोणता भाग मूळचा व कोणता नवा, हे कागदावर लिहून तो कागद इंजिनाबरोबरच ठेवावा. पुढच्या पिढीला त्या इंजिनाची खरी ओळख त्यावरूनच पटेल.