काड्यापेटी, पाबळचा घुमट आणि १७ नंबरचा फॉर्म

"मुलाला शाळेत घालणार नाही, घरीच शिकवणार," असं कुणी कोथरूडात म्हणालं तर लोक कुतूहलानं खुर्ची पुढे ओढतात. तेच शिरूरला किंवा दौंडला म्हणून बघा. पहिला प्रश्न येतो, "का, फी परवडत नाही?" प्रश्न खवचट आहे, पण बिनकामाचा नाही. घरी शिकवायला खरंच किती पैसे लागतात आणि ते नेमके कशावर जातात, याचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही.

या दोन तालुक्यांत शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलांची घरं दोन तऱ्हेची. एक घर रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांचं, शाळेच्या फीला किंवा शाळेतल्या घोकंपट्टीला कंटाळलेलं. ते स्वतःला होमस्कूलर म्हणवतं. दुसरं घर ऊसतोडीला, गुऱ्हाळावर किंवा वीटभट्टीवर आलेल्यांचं, नाहीतर अशा वस्तीवरचं, जिथून मुलीची पुढच्या वर्गाची शाळा दोन-चार किलोमीटरवर आहे, एसटीची वेळ जुळत नाही आणि रस्ता उसातून जातो. त्या उसात आता बिबट्या असतो, त्यामुळे पोरीला एकटं धाडायला आई तयार होत नाही. या घराला कुणी होमस्कूलिंग म्हणत नाही, सरकारी कागदावर ते मूल 'शाळाबाह्य' असतं. पण पुस्तकं, परीक्षेची सोय आणि शिकवणारं माणूस दोघांनाही सारखंच लागतं. म्हणून पुढचं सगळं दोघांसाठी आहे.

आधी एक स्पष्ट सांगतो. जवळ चांगली जिल्हा परिषदेची शाळा असेल तर तिच्याइतकं स्वस्त काहीही नाही. शिरूर तालुक्यातल्याच वाबळेवाडीच्या शाळेनं जिल्हा परिषदेची शाळा कुठवर जाऊ शकते हे राज्याला दाखवलं. पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण फुकट आणि दिवसातले पाच-सहा तास मुलाची जबाबदारी दुसऱ्या कुणावर. घरच्या शाळेत यातलं शेवटचं सगळ्यात महाग पडतं. पुस्तकं, व्हिडिओ, कृतिपत्रिका आज ढिगानं फुकट मिळतात. शिकवणाऱ्या माणसाचा वेळ फुकट नसतो, आणि तो बहुतेक वेळा आईच्या खात्यातून वजा होतो.

याचा फार जुना दाखला दौंड तालुक्यातच आहे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई लहानपणी कधी शाळेत गेल्या नाहीत. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला शिकवलं आई लक्ष्मीबाईंनी, आणि लक्ष्मीबाईंना शिकवलं होतं त्यांच्या नवऱ्यानं, अनंतशास्त्री डोंगरे यांनी. बायकोला संस्कृत शिकवतो म्हणून शास्त्रीबुवांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थयात्रेला फिरत राहिलं. घर म्हणून एक ठिकाण नाही, पाटी-पुस्तकाचा थाट नाही. आई भल्या पहाटे, कामं सुरू होण्याआधी मुलीला उठवायची आणि पाठ घ्यायची. त्या पाठांच्या बळावर वयाच्या विशीत रमाबाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. साधनखर्च जवळजवळ शून्य. पण त्या शून्यामागे एक शिकलेली आई होती, आणि तिच्यामागे तिला शिकवायला बसलेला बाप होता. हा हिशेब आजही बदललेला नाही.

रमाबाईंनी पुढे केडगावला जे उभं केलं, त्यातही घोकंपट्टी नव्हती. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी मुली-बायका तिथं अक्षरं शिकल्या, आणि बरोबरीनं विणकाम, शेती, तेलघाणा आणि छापखानाही शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे जुळवले ते याच बायकांनी.

आता आजच्या बाजाराकडे येऊ. होमस्कूलिंगचं नाव काढलं की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. वर्षाचं पॅकेज, रंगीत पेटी, त्यात फ्लॅशकार्डं, लाकडी ठोकळे आणि 'अभ्यासक्रम'. हौस असेल तर जरूर घ्या. पण सुरुवात तिथून करू नका.

बालभारतीची पहिली ते बारावीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. ती छापून घेत बसू नका, छपाई छापील पुस्तकापेक्षा महाग पडते. वापरलेली पुस्तकं गावातल्याच वरच्या वर्गातल्या पोरांकडे मिळतात, नाहीतर दौंडहून गाडीनं पुण्याला जाऊन अप्पा बळवंत चौकात एक चक्कर टाकावी. पुस्तकांतले क्यूआर कोड 'दीक्षा' या सरकारी पोर्टलवरच्या व्हिडिओंकडे नेतात. त्यांतले काही सुरेख आहेत, काही झोप आणणारे. बालभारतीचंच 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. माझ्या मते मराठी वाचनासाठी याहून मोठा फुकटचा खजिना नाही. पाठ्यपुस्तक रोज अर्धा तास आणि 'किशोर' हवा तितका वेळ, असं प्रमाण ठेवलं तरी भाषेचं काही अडणार नाही. अगदी लहानांसाठी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रकथा आहेत. त्या मुक्त परवान्याच्या असल्यानं उतरवा, छापा, वाटा, कुणी अडवत नाही. मोठ्यांच्या शंकांना मराठी विश्वकोश आहे, तोही संपूर्ण ऑनलाइन. आणि आईबापांनी स्वतःसाठी काही वाचायचं तर पुण्याहून निघणारं 'पालकनीती' आणि 'शैक्षणिक संदर्भ'.

मोबाइलला रेंज नसलेल्या वस्तीवर काय? तिथं अनुदानित सार्वजनिक वाचनालय कामाला येतं. वर्गणी किरकोळ असते. बऱ्याच ठिकाणी बालविभागाचं कपाट कुलूपबंद असतं, कारण कुणी मागतच नाही. मागितलं की उघडतं.

विज्ञानाला मात्र हात लागतात, आणि इथं अरविंद गुप्तांना पर्याय नाही. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान उपक्रमात गेले आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला लागले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसकट अनेक भाषांतली पुस्तकं फुकट आहेत.

त्यातलं एकच खेळणं सांगतो. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हवर चढवायची बारीक काळी रबरी नळी मिळते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. काडेपेटीतल्या काड्यांचा गूल खरवडून टाका. नळीच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी घातली की सांधा तयार. तीन काड्या, तीन सांधे, झाला त्रिकोण. चार काड्यांचा चौकोनही करा. आता दोन्ही दाबून बघा. चौकोन लगेच कलून शंकरपाळी होतो, त्रिकोण जागचा हलत नाही. नळीच्या मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडलं की तिसरी काडी बसते, आणि सहा काड्यांतून चार त्रिकोणांचा पिरॅमिड उभा राहतो. तो मुठीत दाबला तरी आकार सोडत नाही. शिरूर तालुक्यात पावसाची खात्री नसली तरी बाभळीच्या काट्यांची आहे.

मग मुलाला पाबळला न्या. शिरूर तालुक्यातलं हे गाव लोकांना मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. पण १९८३ साली इथं डॉ. श्रीनाथ कलबाग आले. अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले. नोकरी सोडून त्यांनी मुद्दाम अवर्षणग्रस्त गाव निवडलं आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली पोरं हेच त्यांचे विद्यार्थी. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया यांतलं काम हाताला आधी आणि त्यामागचं गणित-विज्ञान नंतर, अशी उलटी वाट. तिथं लोखंडी त्रिकोण जोडून उभारलेले घुमट आहेत, 'पाबळ डोम' म्हणून ओळखले जाणारे. आत एकही खांब नाही. काड्यांचा पिरॅमिड करून आलेलं मूल आत उभं राहून वर बघतं, तेव्हा भूमितीची व्याख्या सांगावी लागत नाही.

२००२ साली अमेरिकेच्या एमआयटीनं आपल्या आवाराबाहेर ज्या पहिल्या 'फॅब लॅब' उभ्या केल्या, त्यांत पाबळ होतं. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. एक वर्षाचा निवासी ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम, डीबीआरटी, तिथं वर्षानुवर्षं चालत आला आहे आणि त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. घरी शिकलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला दहावीच्या पुढं काय, या प्रश्नाचं एक उत्तर असं तालुक्यातच पडलेलं आहे. भेटीला जायचं असेल तर आधी फोन करून विचारावं, ती सहलीची जागा नव्हे.

इतिहास-भूगोलाला तर तिकीटही काढावं लागत नाही. घोड नदीकाठचं इनामगाव घ्या. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात इथं शेतकरी राहत होते. आधीची घरं ऐसपैस, चौकोनी. शेवटच्या टप्प्यातली लहान, गोल झोपड्यांसारखी. पाऊसमान घटलं, शेती बसली आणि माणसं पुन्हा भटकी होऊ लागली, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. लहान मूल दगावलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीत पुरत. आज त्या जागी बघण्यासारखं फार उरलेलं नाही, म्हणून आधी पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघावं आणि मग नदीवर यावं. दुष्काळानं गाव कसं उठतं, हे इथल्या मुलाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

टाकळी हाजीच्या पलीकडे, निघोजच्या हद्दीत कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेले. दोरी आणि दगड नेऊन कोरड्या खळग्याची खोली मोजा, तळातले गोटे हातात घेऊन त्यांच्या गुळगुळीत कडा बघा. पावसाळ्यात आणि पाण्याचं आवर्तन सुटलेलं असताना मात्र तिकडे फिरकू नका, खडक निसरडा आहे.

दौंडकरांकडे स्टेशन आहे. प्लॅटफॉर्म तिकिटाच्या पैशांत गणिताचा तास होतो. चोवीस तासांच्या घड्याळात वेळांची वजाबाकी, अंतर भागिले वेळ, आणि पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला का लावावं लागतं, हा आकृती काढून सोडवायचा प्रश्न. दौंड-मनमाड हा फाटा १८७८ चा. इंजिन फिरवायची ती कटकट टाळायला आता कॉर्ड लाइन झाली आहे. रेल्वेतून निवृत्त झालेला एखादा चालक किंवा पॉइंट्समन शेजारी राहत असतोच. त्याला एक तास मागून बघा, तो दोन देईल. आईवरचा भार हलका करायचा माझ्या माहितीतला एकमेव स्वस्त उपाय हाच. चार-पाच घरांनी मिळून अशी माणसं वाटून घ्यायची: निवृत्त गुरुजी, गुऱ्हाळवाले काका, रोपवाटिका चालवणाऱ्या मावशी, पंप दुरुस्त करणारा. गुऱ्हाळावर रस कधी उतरवायचा हे काहिलीतल्या फेसावरून ओळखणाऱ्या माणसाइतका रसायनशास्त्राचा शिक्षक कुठं मिळायचा! आणि २८ फेब्रुवारीच्या सुमाराला सगळ्यांनी मिळून जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जायचं. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण राष्ट्रीय विज्ञान दिनाला लोकांसाठी खुली होते आणि तिथं मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं.

राहिला कागद. इथं बेफिकिरी महागात पडते. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे आणि तो सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत दाखल करणं पालकांचं कर्तव्य मानतो. होमस्कूलिंगचं त्यात नाव नाही. अशा पालकांना शिक्षा होते असं नाही, पण शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात गुरुजी दारात येऊ शकतात. त्यांच्याशी भांडू नका, मुलाच्या वह्या दाखवा. याच कायद्याचं कलम ४ तुमच्या बाजूचं आहे: कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मधेच सोडलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. घरचा प्रयोग फसला तर परतीचं दार उघडं असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं, म्हणजे जिथं पाल पडेल तिथल्या शाळेत मूल बसू शकतं.

परीक्षेच्या वाटा मुख्यतः तीन. राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. हिची तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीची प्रमाणपत्रं मान्यताप्राप्त संस्थांमार्फत मिळतात. चौदा पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, मराठी माध्यमातूनही. आठवीचा दाखला नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं, घरी शिकलेल्यांसाठी हीच मोठी सोय आहे. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं टिकते, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. पाठ्यसाहित्य संकेतस्थळावर फुकट आहे. दुसरी वाट राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची, पाचवी, आठवी, दहावी अशा टप्प्यांची. तिसरी गावोगाव ठाऊक असलेली, १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला बाहेरून बसायचं. हा फॉर्म शाळा सोडल्याचा दाखला मागतो. त्यामुळे मधेच शाळा सुटलेल्या मुलीला तो सोयीचा, कधीच शाळेत न गेलेल्याला अडचणीचा. मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते आणि उशिराला विलंब शुल्क पडतं. पावसाळ्यातच चौकशी करावी.

एजंट भेटतील. "सगळं आम्ही बघतो, मुलाला यायचीही गरज नाही," असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. हे तिन्ही फॉर्म घरबसल्या किंवा महा ई-सेवा केंद्रात बसून भरता येतात. अडलंच तर शिरूर आणि दौंड दोन्हीकडे पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. तिथं साहेब जागेवर सापडायला दोन खेपा पडतील कदाचित, पण विचारायचे पैसे पडत नाहीत.