स्पोर्ट मोड दाबला की गाडीची पॉवर वाढते का? खारघर ते खंडाळा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्ट

खारघरच्या उत्सव चौकातला सिग्नल. मित्राने नवीच घेतलेली टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक. सिग्नल सुटायच्या आधी त्याने बटण दाबलं, मीटर लाल झाला, इंजिनचा आवाज बदलला आणि गाडी सुसाट निघाली. "बघितलंस? आता पॉवर वाढली!"

वाढली नाही. जवळजवळ सगळ्याच पेट्रोल गाड्यांत इंजिनची कमाल ताकद तेवढीच राहते. फोनमध्ये गेमिंग मोड लावला म्हणून आत नवा प्रोसेसर येत नाही, आहे तोच प्रोसेसर हात आखडता न घेता काम करतो. गाडीचंही तसंच आहे. मग पाठ सीटला का चिकटते? कारण साध्या डी मध्ये गाडी तुमच्यापासून बरीच ताकद राखून ठेवत असते.

आकड्यांतच बघूया. आपल्या चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घ्या. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस पॉवर आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क. हा टॉर्क १,६०० ते ३,५०० आरपीएमपर्यंत सारखाच मिळतो. पण पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. त्यामुळे १,६०० आरपीएमला पूर्ण टॉर्क मिळत असला तरी हातात असतात साधारण ५७ पीएस. तेच इंजिन ३,५०० वर गेलं की होतात साधारण १२५, आणि पूर्ण १५० मिळतात ५,००० च्या पुढे. म्हणजे ब्रोशरवर वाचलेली पॉवर बहुतेक वेळा तुमच्या पायाखाली नसतेच!

डी मध्ये गिअरबॉक्सला मायलेज सांभाळायचं असतं, म्हणून तो लवकर लवकर वरचे गिअर टाकतो आणि इंजिनला कमी आरपीएमवर ठेवतो. एस मध्ये तो गिअर धरून ठेवतो, खालचा गिअर लवकर टाकतो आणि आरपीएम वर ठेवतो. ताकद होतीच, ती तयारीत उभी केली इतकंच. डी मध्येही ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तर गिअरबॉक्स दोन-तीन गिअर खाली येतो आणि तीच ताकद देतो. याला किकडाउन म्हणतात. फरक पडतो तो मधल्या क्षणभराच्या विचारात. ओव्हरटेक करताना समोरून ट्रक येत असेल तर तो क्षण फार मोठा वाटतो, म्हणून ओव्हरटेकच्या आधीच एस मध्ये जाणं शहाणपणाचं.

दुसरी गंमत पेडलची. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते. तुम्ही किती दाबलं ते सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो आणि इंजिनला किती हवा-पेट्रोल द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. समजा तुम्ही पेडल ३० टक्के दाबलं. नॉर्मलमध्ये कॉम्प्युटर ते ३० टक्केच मानेल, इकोमध्ये २० आणि स्पोर्टमध्ये ५०. पाय तेवढाच, उत्तर वेगळं. (हे आकडे समजण्यापुरते, प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं.) म्हणूनच स्पोर्टमध्ये गाडी हलकी वाटते आणि हिरानंदानीच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये तीच गाडी धक्के मारते.

बटण एक, बदल अनेक

मोडचं बटण आणि गिअर लिव्हरवरचा एस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एस फक्त गिअरबॉक्सला सांगतो. मोडचं बटण इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एक्झॉस्टचा आवाज आणि महागड्या गाडीत सस्पेन्शन, अशा सगळ्यांना एकदम निरोप देतं.

याचं चांगलं उदाहरणही चाकणचंच. मर्सिडीजने २०२१ मध्ये एएमजी ए ३५ सेडान इथे असेंबल करून विकायला आणली. दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, ३०६ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ४.८ सेकंदांत. तिच्यात पाच मोड आहेत: स्लिपरी, कम्फर्ट, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस आणि इंडिव्हिज्युअल. स्पोर्टमध्ये गिअर बदलायचा वेळ कमी होतो, स्पोर्ट प्लसमध्ये उभ्या गाडीचं आयडल आरपीएमही वाढवलं जातं, म्हणजे सुटताना उशीर नको. पण मला सगळ्यात हुशार वाटतो तो स्लिपरी. या मोडमध्ये कॉम्प्युटर मुद्दाम पॉवर कमी करतो, ओल्या रस्त्यावर चाक घसरू नये म्हणून. मोड बदलल्याने पॉवर खरंच बदलते याचं उदाहरण शोधायला गेलो आणि सापडलं ते कमी होण्याचं!

जुलैमध्ये पांडवकड्याच्या बाजूचा रस्ता वाहत असताना स्पोर्ट लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. टायरची पकड कोणत्याही बटणाने वाढत नाही. पेडल मात्र तिखट झालेलं असतं, आणि काही गाड्यांत सगळ्यात वरच्या मोडमध्ये घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणाही जरा सैल सोडलेली असते.

डीसीटीच्या डोक्यात काय चालतं

व्हर्टस जीटी काय किंवा ए ३५ काय, दोन्हींत सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे. एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात पळत असता तेव्हा चौथा आधीच जोडून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, काम झालं. कल्पना जुनी आहे, अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच इंजिनिअरने ती १९३९ च्या सुमारास मांडली होती. शोरूममधल्या गाडीत यायला मात्र २००३ ची गोल्फ आर ३२ उजाडावी लागली.

पण पुढचा गिअर हा शेवटी अंदाज असतो. चौथा लावून ठेवला आणि तुम्ही अचानक दुसरा मागितलात, तर तो गडबडतो. सायन-पनवेल हायवेवर संध्याकाळी सरकत-सरकत जाताना तर क्लच अर्धवट धरून घासत राहतात. ड्राय क्लचला थंड करायला तेल नसतं, त्यामुळे तो तापतो. उपाय सोपा आहे: पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका. थोडी जागा होऊ द्या आणि मग नीट पुढे जा. चढावर थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा.

खरी परीक्षा घाट उतरताना

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. मागच्या पावसाळ्यात त्याच मित्राबरोबर लोणावळ्याहून परत येत होतो. एक्सप्रेसवेचा बोरघाट, चार जण, गाडी डी मध्ये. खाली येता येता गाडीत जळका वास यायला लागला. मित्र म्हणाला, "समोरच्या ट्रकचा असेल." तो आमचाच होता. खोपोलीला थांबलो तेव्हा पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता.

चूक गाडीची नव्हती. डी मध्ये उतारावर पाय काढला की बऱ्याच गिअरबॉक्सना वाटतं, ताकद लागत नाही, टाका वरचा गिअर. वरच्या गिअरमध्ये इंजिन जवळजवळ काहीच अडवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. किती भार? माणसं-सामान धरून दीड टनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे ५०० मीटर खाली येते. गणित केलं तर ही ऊर्जा साधारण ७३ लाख जूल होते. एवढ्यात २५ लिटर पाणी उकळीला येईल! यातला थोडा भाग वारा आणि टायर खातात, बाकी सगळं ब्रेकच्या डिस्कमध्ये. डिस्क फार तापली की पॅडची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइलच उकळलं तर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्ये हेच करायचं तर लिव्हर एम मध्ये न्या किंवा स्टिअरिंगमागच्या मायनसच्या पॅडलने गिअर खाली घ्या. सरळ उतारावर, वेग आधी कमी करून, एकेक गिअर. घाटात कारसाठी वेगमर्यादा ६० ची आहे. पाय पेडलवर नसताना गाडी त्याच्या आसपास टिकते तो गिअर बरोबर, बहुतेकदा तिसरा. आरपीएम ३,००० च्या वर गेलं म्हणून घाबरू नका, इंजिनला ते सहज झेपतं. झेपणार नसेल इतका खालचा गिअर मागितलात तर गिअरबॉक्स स्वतःच नकार देतो. पॅडल नसतील तर एस किंवा एल चालेल. इको नको, काही गाड्यांत तो पाय काढताच इंजिन चाकांपासून सोडवतो.

आणि न्यूट्रल तर अजिबात नको. "पेट्रोल वाचतं" हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. आजची गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे ब्रेकही गेले आणि पेट्रोलही.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच घाटातून उतरलो, या वेळी एम मध्ये, तिसऱ्या गिअरवर. इंजिन गुरगुरत होतं आणि मागच्या सीटवरची मंडळी "गिअर बदल की रे" म्हणून ओरडत होती. मित्राने खोपोली येईपर्यंत बदलला नाही.