इंजिन बंद झाल्यानंतरचे एक मिनिट
फलटणच्या कमिन्स मेगासाइटमध्ये टाटा कमिन्सची डिझेल इंजिने तयार होतात, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धूर-उत्सर्जनाचे मानक लागू झाल्यावर अवजड वाहनांच्या इंजिनांना डीईएफ, म्हणजे 32.5 टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी असे द्रावण, जवळजवळ अपरिहार्य ठरले. तप्त धुरात फवारलेल्या या द्रावणापासून अमोनिया बनतो आणि उत्प्रेरकावर नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे रूपांतर नायट्रोजन व पाण्याच्या वाफेत करतो. युरियाचे हे प्रमाण मुद्दाम निवडलेले आहे, कारण याच प्रमाणात गोठणबिंदू सर्वांत खाली, उणे 11 अंशांवर जातो आणि द्रावण अर्धवट गोठले तरी उरलेल्या द्रवातील युरियाचे प्रमाण बदलत नाही.

फलटणला अशी थंडी कधीच पडत नाही. परंतु तेच इंजिन लडाखमध्ये रात्रभर उभे राहिले, तर गोठताना सुमारे 7 टक्के प्रसरण पावणारे द्रावण पंप आणि नळ्या फोडू शकते. म्हणून अनेक प्रणालींमध्ये चावी बंद केल्यावर पंप काही काळ उलटा चालून नळ्यांतील द्रव टाकीत परत ओढतो. टाकीतले द्रावण मात्र गोठू दिले जाते, त्यासाठी वर मोकळी जागा ठेवावी लागते, आणि पुढे इंजिनच्या गरम शीतकाने ते वितळवले जाते. चालकाने बॅटरीचा मुख्य स्विच घाईने बंद केला, तर ही सारी योजना अर्ध्यावरच थांबते, आणि उष्ण प्रदेशातही नळीत राहिलेल्या द्रवाचे स्फटिक होऊन फवारणीचे तोंड बुजू शकते.