शैक्षणिक कर्ज थकले, तरी पत सावरता येते

बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर या भागांतून बंगळूरला उच्च शिक्षणासाठी येणारे अनेक विद्यार्थी बँकेच्या कर्जावर शिकतात. भारतीय बँक संघाने 2001 मध्ये आखलेल्या आदर्श योजनेमुळे हे कर्ज सर्वसामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आले. शिक्षण संपल्यावर साधारणतः एक वर्षाची सवलत मिळते. मात्र त्या काळातही व्याजाची आकारणी सुरूच असते. नोकरी लांबली किंवा सुटली, की हप्ते थकू लागतात.

थकबाकी 90 दिवसांहून अधिक काळ राहिली, की खाते अनुत्पादक ठरते. याची नोंद केवळ विद्यार्थ्याच्या नव्हे, तर सहकर्जदार असलेल्या आई-वडिलांच्या पतअहवालातही होते. मुलाचे हप्ते थकल्याने वडिलांचे घरकर्ज अडू शकते, ही गोष्ट पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते. शासनाची पतहमी असली तरी कर्जदाराची जबाबदारी संपत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

यातून मार्ग कोणता? प्रथम शाखेशी लेखी संपर्क साधावा. खाते अनुत्पादक होण्यापूर्वीच हप्ता कमी करून मुदत वाढवून मागणे केव्हाही हिताचे. खाते एकदा अनुत्पादक झाले, की केवळ थकीत व्याज भरून ते नियमित होत नाही. व्याज व मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरावी लागते, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. तडजोडीने कर्ज मिटविल्यास अहवालात तशी नोंद राहते आणि पुढील कर्जदाता ती पाहतो. म्हणून शक्य असेल तेथे पूर्ण परतफेडच करावी आणि ‘येणे बाकी नाही’ असा दाखला अवश्य घ्यावा.

चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चूक आढळल्यास तक्रार करावी. 30 दिवसांत निवारण न झाल्यास प्रतिदिन 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. गुणांक 300 ते 900 या दरम्यान असतो. तो एका रात्रीत वाढवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही; नियमित हप्त्यांच्या नव्या नोंदीच हळूहळू तिचा प्रभाव कमी करतात.

शाखेची पायरी चढण्यास संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वेळीच आलेल्या कर्जदारासाठी जे पर्याय खुले असतात, ते विलंबाने येणाऱ्यासाठी उरत नाहीत.