गुडघ्यातील वंगण खरोखर ‘संपते’ काय?
संधींची रचना, श्लेषक कफ आणि आपला दैनंदिन व्यवहार

‘गुडघ्यातील वंगण संपले आहे, एखादे चांगले तेल द्या,’ ही मागणी प्रत्येक चिकित्सालयात आणि औषधी दुकानात नित्य ऐकू येते. कल्पना सोपी असल्याने रुग्णाला ती पटते आणि आपणही ती सहसा खोडून काढीत नाही. परंतु या एका शब्दातून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात. वंगण संपले म्हणजे हालचाल केल्यास सांधा अधिक झिजेल, हा पहिला. बाहेरून तेल लावले की ते आत जाऊन वंगणाची उणीव भरून काढील, हा दुसरा. म्हणून संधीचे कार्य कसे चालते, हे येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

संहितेतील संधिविचार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात २१० संधी सांगितले आहेत. त्यांपैकी शाखांमध्ये ६८, कोष्ठात ५९ आणि ग्रीवेच्या वरील भागात ८३ आहेत. ही गणना केवळ अस्थिसंधींची असून पेशी, स्नायू व सिरा यांचे संधी असंख्य आहेत, असेही तेथे म्हटले आहे. चेष्टावंत आणि स्थिर असे संधींचे दोन भेद असून आकृतीवरून आठ प्रकार केले आहेत. बिजागरीसारखा कोर संधी जानु, कूर्पर, गुल्फ, मणिबंध व अंगुली येथे, तर उखळासारखा उलूखल संधी कक्षा, वंक्षण व दंत येथे सांगितला आहे. शिरःकपालातील शिवणीसारख्या सांध्यांना तुन्नसेवनी हे नाव आहे.

चौथी श्लेष्मधरा कला सर्व संधींमध्ये असते. वंगण दिलेल्या आसावर चाक सुरळीत फिरावे, तसे श्लेष्म्याने युक्त संधी कार्य करतात, हा सुश्रुताचार्यांचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. याच श्लेष्म्यास वाग्भटांनी श्लेषक ही संज्ञा दिली.

आधुनिक शारीरक्रियेची जोड

गुडघ्यासारख्या चल संधीत अस्थींच्या टोकांवर तरुणास्थीचे गुळगुळीत आवरण असते. सभोवती संधिकोष असून त्याच्या आतील पातळ पटलातून सायनोव्हियल द्रव स्रवतो. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम काही मिलिलीटर असतो. हायल्युरॉनिक आम्लामुळे त्याला चिकटपणा येतो. लुब्रिसिन हे प्रथिन तरुणास्थीच्या पृष्ठभागावर राहून घर्षण कमी करते.

याहून महत्त्वाची गोष्ट तरुणास्थीच्या पोषणाची आहे. प्रौढ व्यक्तीच्या तरुणास्थीत रक्तवाहिन्या नसतात व चेतातंतूही नसतात. तिचे पोषण प्रामुख्याने याच द्रवातून होते. पाऊल टाकताना भार पडला की तरुणास्थीतील पाणी दाबले जाऊन बाहेर येते आणि भार उतरला की पोषक अंशांसह पुन्हा आत शोषले जाते. सांधा दीर्घकाळ निश्चल ठेवल्यास हे आदानप्रदान मंदावते, तरुणास्थी दुर्बल होते आणि सभोवतालच्या मांसपेशीही क्षीण होतात. योग्य प्रमाणातील हालचाल हाच संधीचा आहार होय.

मग संधिगतवातात होते काय? द्रव ‘संपत’ नाही. अनेक रुग्णांत तो उलट वाढतो व गुडघ्यावर सूज दिसते. परंतु हायल्युरॉनिक आम्लाची घनता घटल्याने तो पातळ होतो आणि त्याचे कार्य उणावते. चरकाचार्यांनी संधिगतवाताच्या लक्षणांत वायूने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श असलेला शोथ आणि आकुंचन-प्रसारणाच्या वेळी वेदना सांगितल्या आहेत. त्याचा येथे अवश्य विचार करावा. येथे प्रमाणापेक्षा गुणाचा ऱ्हास महत्त्वाचा आहे, असे आम्हास वाटते.

तेलाचे नेमके स्थान

अभ्यंगाचे तेल त्वचेतून झिरपून संधीच्या पोकळीत वंगण म्हणून साठते, असे मानण्यास आधार नाही. तथापि अभ्यंग, स्वेदन वा जानुबस्ती यांनी उष्णता मिळते, मांसपेशींचा ताठरपणा उतरतो, वेदना सौम्य होते आणि रुग्ण हालचाल करू लागतो. तेल हे हालचालीला साहाय्य करणारे आहे, तिचा पर्याय नव्हे.

म्हणून तेलाच्या बाटलीबरोबर दोन सूचना अवश्य द्याव्यात. पहिली व्यायामाची. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, काही क्षण तसाच धरावा व हळूहळू खाली आणावा. याने मांडीच्या पुढील मांसपेशी बळकट होऊन गुडघ्याला आधार मिळतो. झेपेल तितके सपाट जमिनीवर चालणेही हितकर आहे. दुसरी सूचना वजनाची. गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल व वयस्क व्यक्तींवरील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शरीराचे वजन १ किलोने घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने घटतो, असे आढळले.

तेल देण्यापूर्वी

प्रत्येक दुखरा सांधा संधिगतवाताचा नसतो. औषधविक्रेत्यांनी निदान करावे असे आम्ही म्हणत नाही, परंतु चार प्रश्न विचारणे त्यांनाही शक्य आहे.

१. किती सांधे दुखतात? दोन्ही हातांचे लहान सांधे एकाच वेळी सुजले असल्यास आमवाताचा संशय घ्यावा.

२. सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो? संधिगतवातात तो बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. तासाहून अधिक राहिल्यास तपासणी आवश्यक आहे. साम अवस्थेत स्नेहन वर्ज्य असून तेथे लंघन, दीपन व वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेद सांगितला आहे. आमवातसदृश विकारात निदानास विलंब झाल्यास सांध्यांची हानी कायमची होते. म्हणून रक्ततपासणी व तज्ज्ञाचा सल्ला टाळू नये.

३. पायाच्या अंगठ्याचा सांधा एकाएकी, विशेषतः रात्री, लाल होऊन ठणकू लागला काय? तसे असल्यास वातरक्ताचा विचार करावा व मर्दन करू नये.

४. एकच सांधा लाल, उष्ण व सुजलेला असून ज्वर आहे काय? हा संधीतील जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात काही दिवसांतच तरुणास्थी नष्ट होते. अशा रुग्णास तेल, लेप वा काढा न देता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

हे चार प्रश्न विचारण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. एखादी बाटली विकली जाणार नाही, परंतु एखाद्याचा सांधा वाचेल. व्यवसायबंधूंनी हे प्रश्न आपल्या साहाय्यकांनाही समजावून सांगावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.